कोपराला दोन बोटं

मी, हा कागद लिहिणारा, वय तेवीस, बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडलेलं, काम विशेष मुलांच्या शाळेत मदतनिसाचं, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणीही हात न पिरगाळता माझं मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी जो नमुना दिला त्यात 'शांत चित्ताने' असे शब्द होते. ते मी खोडले. मरायच्या कागदावर तरी खोटं कशाला?

कलम १. कारण. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. लहानपणी ताप आला होता, त्याने जाताना ही खूण ठेवली, असं डॉक्टर म्हणतात. येत्या गुरुवारी ती झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले काळजीचं काही कारण नाही, आणि त्याच दमात चार ठिकाणी सह्या घेतल्या. मी जगलो तर हा कागद फाडून टाकीन, आणि तोवर कोणी वाचला असेल तर त्याला तोंड दाखवणार नाही.

कलम २. वारस. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई गेली ती मी कॉलेजात असताना. माझ्या पश्चात माझा एकच वारस उरतो, माझा धाकटा भाऊ. वय तेरा. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान किंचित वर करून, सगळ्या जगाची पाहणी करायला निघाल्यासारखा चालतो, म्हणून त्याला सगळे पंत म्हणतात. पंतांची बुद्धी त्यांच्या वयाच्या बरीच मागून चालते. बोलायला मोजके शब्द आहेत आणि पंत ते उधळत नाहीत. 'पाणी', 'दे', 'नको', 'दादा'. यातला 'नको' सगळ्यात स्वच्छ.

माझी सगळी स्थावर-जंगम मिळकत पंतांना, आणि पंत आत्याला, असं एका ओळीत लिहून मी मोकळा होणार होतो. वकीलकाकांनी चष्मा काढला.

"अरे, भाऊ म्हणजे काय कपाट आहे, कोणाच्या नावावर करायला?"

"मग त्याचं काय करायचं?"

"इच्छा लिही. अमक्याने त्याला सांभाळावं अशी माझी इच्छा आहे. तो अमका नाही म्हणाला तर कायदा त्याचं काही करू शकत नाही."

मी भडकलो. सायकल देता येते, डबे देता येतात, पंखासुद्धा देता येतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं तेवढाच देता येत नाही, हा कसला कायदा, असं मी जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. काका म्हणाले, कायदा बरोबर आहे, तू चहा पी.

तेव्हा खाली जे आहे ते सगळं पंतांच्या भोवतीचं आहे. मधला माणूस मला देता येत नाही, हे कायद्याचं म्हणणं मी नाइलाजाने नोंदवून ठेवतो.

कलम ३. घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आईने आम्हा दोघांच्या नावावर केलेलं. माझा अर्धा भाग पंतांना. घरात राहणाऱ्याने पुढील गोष्टी हलवू नयेत. मोरीबाहेरच्या बेसिनवरचा आरसा मी पंतांच्या नाकाच्या उंचीवर खाली आणला आहे, बाकीच्यांनी वाकावं. बेसिनच्या वर ओळीने चिकटवलेली चित्रं काढू नयेत: नळ, ब्रश, पेस्ट, दात, चूळ, पुन्हा नळ. ती शाळेच्या बाईंनी हाताने काढली आहेत, आणि 'चूळ'च्या चित्रातला मुलगा पंतांसारखा दिसतो. दिसत नाही म्हणणाऱ्याशी मी वाद घालून झालेला आहे.

कलम ४. बँकेत जे आहे ते पंतांच्या औषधांना आणि केस कापण्याला. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने पंतांना पहिल्यांदा खुर्चीत बसवलं तेव्हा पंतांनी सगळं दुकान डोक्यावर घेतलं होतं. सलूनवाला कात्री खाली ठेवून म्हणाला, आज नुसतं बसू दे, कापू पुढच्या वेळी. असं नुसतं बसणं बराच काळ चाललं. माझी सायकल सलूनवाल्याला. ब्रेक दुरुस्त करून घ्यावेत, मी करीन करीन म्हणत राहिलो.

कॉलेजची पुस्तकं रद्दीत. ज्या प्राध्यापकांनी भर वर्गात विचारलं होतं की तू रोज पहिल्या तासाला उशिरा का येतोस, भावाला काय तू जन्म दिलास, त्यांना माझ्याकडून काहीही नाही. त्या दिवशी मी बाक उलटा केला, तो मीच केला, आणि त्याबद्दल वाईट वाटत नाही. नाव काढून टाकू म्हणाले, त्याआधी मीच काढलं.

तळमजल्यावरच्या काकूंना माफ केलेलं नाही. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर ते आणखीच वाईट.

कलम ५. हत्यारं. सुताराला जशी हत्यारं तशी माझी ही. सायकलच्या मुठीचं रबर चढवलेला जाड दांड्याचा ब्रश. मान वाकवलेला चमचा. लाकडी पाटीवर ताणून बसवलेला जुना शर्ट, मोठी बटणं लावलेला. चेन ओढायला कडी अडकवलेली पँट. ब्रश आणि चमचा पंतांचे, बाकी सगळं शाळेला. शाळेने ते कपाटात कुलूपबंद ठेवून पाहुणे आल्यावर काढू नये. पोरांच्या हाती द्यावं, तुटलं तर तुटू द्यावं.

शाळेत मी काय करतो हे आत्याला अजून नीट समजलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. आम्ही मुलांना दात घासायला, शर्ट घालायला, ताट उचलून ठेवायला, नळ बंद करायला शिकवतो. लोक म्हणतात, एवढंच? एवढंच. शर्ट घालणं हे तुमच्यासाठी एक काम आहे. आमच्या वर्गात ती कामांची रांग असते, आणि मूल रांगेच्या सुरुवातीलाच थकून रडायला लागतं. म्हणून बाई शेवटापासून शिकवतात. सगळा शर्ट आपण घालायचा, बटणं आपण लावायची, शेवटचं एक बटण अर्धं काजात सरकवून मुलासमोर ठेवायचं. त्याने ते नुसतं ओढलं की शर्ट झाला, आणि तो त्याने केला. मग शेवटची दोन. मग तीन. पंतांनी शेवटचं बटण ओढलं त्या दिवशी ते दिवसभर छातीवर हात ठेवून फिरत होते, कोणी उघडेल म्हणून.

कलम ६. बाईंना काहीही ठेवलेलं नाही. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. वकीलकाका म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, लफडं नको. मग मला ठरवावं लागलं की बाईंना काहीतरी द्यायचं की बाईंना बोलवायचं. मी बोलवायचं ठरवलं.

बाई वर्षाने मोठ्या आहेत माझ्याहून. वर्गात आवाज चढवत नाहीत. रागावल्या की हळू बोलतात, आणि मग मात्र खिडकीतली चिमणीसुद्धा गप्प बसते. मी शाळेत लागलो तो पंतांमुळे, हे खरं आहे. टिकलो तो कोणामुळे, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. फक्त एक तक्रार नोंदवतो. आमच्या शाळेत मदतनिसाला सगळे दादा म्हणतात. सगळ्या मुलांनी म्हणावं, मुख्याध्यापकांनी म्हणावं, पाणी भरणाऱ्या मावशींनी म्हणावं, माझी हरकत नाही. एका माणसाने म्हणू नये अशी माझी फार इच्छा होती. एकदा तसं सांगितलंही. बाई म्हणाल्या, "बरं, नाही म्हणत," आणि पुढच्याच वाक्यात म्हणाल्या, "दादा, तेवढी बादली उचलता?"

उन्हाळ्यात बाईंचं लग्न आहे आणि त्या दुसऱ्या गावी जाणार आहेत. त्या गृहस्थांना मी पाहिलेलं नाही. ते चांगलेच असणार. तीच माझी तक्रार आहे.

कलम ७. आत्याची अट. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमचं उरलेलं एकमेव माणूस. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त, एकटी राहते, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, तुझं काही बरंवाईट झालं तर मी इथे येऊन राहीन, पण सकाळचं त्याचं त्याला करता आलं पाहिजे. दात, तोंड, कपडे. मला वाकवत नाही रे आता. नाही जमलं तर मुलांच्या वसतिगृहात ठेवावं लागेल, माझा इलाज नाही.

ते वसतिगृह मी जाऊन पाहिलं. वाईट माणसं नाहीत तिथे. फक्त मुलं फार आणि हात थोडे. सकाळी मुलांना ओळीत उभं करतात आणि एकच बाई सगळ्यांची तोंडं धुऊन देते, भराभर, कारण मुलांनी स्वतः करायची म्हटली तर दुपार होईल. आणि तिथे शर्टाला बटणं नसतात. सगळ्यांना डोक्यातून घालायचे सदरे, एकाच रंगाचे. मी विचारलं तर तिथला माणूस सरळपणे म्हणाला, "बटणं लावत बसलं तर कसं व्हायचं?" मी त्याच्यावर चिडू शकलो नाही. मी परत येताना बसमध्ये पंतांच्या बटणांचा विचार करत होतो, आणि माझा थांबा निघून गेला.

कलम ८. हात. आता मुख्य गोष्ट. शिकवताना आधी मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून ब्रश फिरवायचा. मग आपला हात मनगटावर आणायचा. मग कोपरावर. मग नुसता हवेत, न लावता. मग खिशात. पंत कोपरापर्यंत झकास आले. माझी दोन बोटं कोपराला टेकली की पंत सगळं करतात, अगदी नळ बंद करून टॉवेल खुंटीला लावेपर्यंत. बोटं टेकली नाहीत तर ब्रश हातात धरून उभे राहतात. रडत नाहीत, चिडत नाहीत. उभे राहतात.

बाई दर शनिवारी घरी येऊन बघत. एकदा त्या हळू आवाजात म्हणाल्या की हात कोपरावरून हलत नाही यात पंतचा दोष नाही, तुम्हालाच तो हलवायचा नाहीये, कारण शिकून झालं की माझं येणं बंद होईल. मी म्हणालो, हे साफ खोटं आहे, सकाळी शाळेची घाई असते, बोटं टेकली की काम होतं, म्हणून टेकतो. या मुद्द्यावर आमचं दोघांचं एकमत झालेलं नाही आणि आता होणारही नाही.

कलम ९. गेल्या रविवारची हकीकत. आत्या शुक्रवारपासून आली आहे. रविवारी सकाळी ती बेसिनसमोर खुर्ची टाकून बसली, परीक्षक बसतात तशी. बाईही मुद्दाम आल्या होत्या. मी पंतांच्या मागे दाराशी उभा. बाई म्हणाल्या, आज हात लावायचा नाही, काही झालं तरी. मी बरं म्हणालो. पंतांनी नळ सोडला, ब्रश घेतला, पेस्ट लावली. आणि उभे राहिले. आरशात त्यांनी मला बघितलं आणि कोपर जरासं बाहेर काढलं.

माझा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला होता, आणि धरला तो मी हात लावू नये म्हणून.

पाणी वाहत होतं. पंत उभे. आत्या नळाकडे बघत होती. मी मनात म्हणत होतो, पंत, अरे एकदा, एकदाच, तोंडात घाल तो ब्रश, मग आयुष्यभर मी लावतो हात. म्हणजे जेवढं आहे तेवढं आयुष्यभर. पंतांनी कोपर आणखी थोडं बाहेर काढलं. समजावून देत होते मला, की बाबा रे, हे इथे आहे, दिसत नाही का?

शेवटी आत्या गुडघ्यांवर हात टेकत उठली. तिला पाणी वाया गेलेलं बघवत नाही. "सरक बाजूला," म्हणत तिने नळाकडे जाण्यासाठी पंतांना कोपराला धरून हलवलं.

पंतांनी ब्रश तोंडात घातला.

घासले. वरचे, खालचे, मागचेही. थुंकले. चूळ भरली. नळ बंद केला. तोंड पुसलं, टॉवेल खुंटीला लावला. मग शर्टाकडे वळले आणि कोपर बाहेर काढून आत्याकडे बघत राहिले. आत्या गोंधळून गेली. बाईंनी हळूच खूण केली, आत्याने घाबरत घाबरत बोट लावलं, आणि पंतांनी शर्ट चढवून वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

"म्हणजे येतंय की याला," आत्या म्हणाली. "मग मघापासून खांबासारखा उभा का होता?"

बाईंनी माझं मनगट सोडलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे उगीच डबे सरकवत राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी समजत होतो की पंत माझ्या हाताची वाट बघतात. पंत हाताची वाट बघत होते. कोणाचाही चालतो.

कलम १०. मतभेद. बाई म्हणतात, अजूनही हात काढता येईल, पण महिने लागतील, आणि रोज तेवढाच धीर धरणारं माणूस लागेल. त्यांच्याकडे उन्हाळ्यापर्यंतचे दिवस आहेत. माझ्याकडे गुरुवारपर्यंतचे. मी म्हणतो, काढायचाच कशाला? ज्याला चष्मा लागतो त्याला आपण चष्म्याशिवाय वाचून दाखव म्हणतो का? माझी छाती परवा पाच माणसं मिळून उघडणार आहेत, तेव्हा मला कोणी म्हणणार नाही की स्वतःचं स्वतः कर. तेरा वर्षांच्या पोराला दोन बोटं लागतात तर ती लावा. बाई हळू आवाजात म्हणाल्या की चष्मा घरी एकटा राहिला तरी नाकावर बसतो, बोटं बसत नाहीत, आणि हे तुम्हाला कळतं. मला कळतं. दोन्ही मतं इथे नोंदवली आहेत.

कलम ११. पंतांना आत्याने याच घरात सांभाळावं, शाळा चालू ठेवावी, आणि सकाळी बेसिनपाशी आणि शर्टाच्या वेळी उजव्या कोपराला मागून दोन बोटं टेकवावीत, अशी माझी इच्छा आहे. दाबायचं नाही. ढकलायचं नाही. पंत सुरू झाले की काढून घ्यायची. यात गुडघ्यांचं काही काम नाही.

हे कलम मी आत्याला आज वाचून दाखवलं. ती ताटं पुसत होती. बराच वेळ तेच ताट पुसत राहिली.

"लावीन की रे," ती म्हणाली. "बोटं लावायला काय जातंय माझं? मी अडुसष्टची, तो तेराचा. माझ्यानंतर कोण लावणार?"

मी वकीलकाकांकडे पाहिलं, ते सहीसाठी खाली आले होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बाई बेसिनकडे बघत होत्या. पंत आतल्या खोलीत हात मागे बांधून येरझारा घालत होते, त्यांची पाहणी चालू होती.

कलम १२. आत्यानंतर पंतांच्या कोपराला बोटं लावणाऱ्याचं नाव:

................................................

त्यानंतर:

................................................

त्यानंतर:

................................................

वकीलकाका म्हणतात, मृत्युपत्रात अशी कोरी जागा कधी सोडू नये, रेघ मारून टाक, उद्या कोणीही येऊन स्वतःचं नाव घालील.

मी रेघ मारलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो खरा आहे म्हणून खाली सही करतो. सही दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत केली, त्यांनी माझ्या.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार, संध्याकाळ

लिहून देणार: (सही) पंतांचा थोरला भाऊ

साक्षीदार १: (सही) सलूनवाला, कोपऱ्यावरचं दुकान. सायकल नको म्हणाले, सही करतो म्हणाले; म्हणून कलम ४ मधली सायकल आता शाळेच्या शिपायाला. ब्रेक मात्र सलूनवालेच दुरुस्त करून देणार आहेत.

साक्षीदार २: (सही) शाळेच्या बाई